कॅरिबियन क्रूझ: छोटं लक्झरी जहाज की मोठ्या जहाजातला स्वीट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत. नाशिकहून तुम्ही दोघं, 9 वर्षांची मुलगी आणि आई-बाबा, तर न्यू जर्सीहून भाऊ-वहिनी, अशी सात माणसं फ्लोरिडाहून सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर जाणार. आईचे गुडघे दुखतात, ती कांदा-लसूणही खात नाही. बाबा 68 वर्षांचे. भाऊ क्वचित एखादी बिअर घेतो, बाकी कुणी पीत नाही. जायचं ते दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबरअखेर. आणि तुम्ही विचारताय की ‘एकदाच करायचंय, तर छोटं लक्झरी जहाज घ्यावं की मोठ्या जहाजातला स्वीट (प्रशस्त, महागडी केबिन)?’

जहाजाकडे नंतर येऊ. आधी भावाला एक गोष्ट विचारा, कारण तिच्यावरच सगळा बेत मोडू शकतो: तो तिथे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का आज चालू आहे का? अमेरिकेतल्या आपल्या कितीतरी लोकांची मुदतवाढ कागदावर मंजूर झालेली असते, नोकरी कायदेशीर असते, पण शिक्का कधीचाच संपलेला असतो. देशाबाहेर पडेपर्यंत त्याने काही बिघडत नाही. क्रूझ मात्र देशाबाहेर नेते. शिक्का संपलेला असला तरी फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोला 30 दिवसांच्या आत जाऊन आय-94 या प्रवेश-नोंदीच्या जोरावर परत येण्याची सवलत आहे. शेजारच्या कॅरिबियन बेटांपर्यंत ती वाढते ती एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थी-संशोधकांसाठी, एच-वन-बीसाठी नाही. म्हणजे जहाज बहामाज किंवा जमैकाला थांबणार असेल आणि भावाचा शिक्का संपलेला असेल, तर मायामीच्या धक्क्यावरच त्याला अडवतील, आणि त्याचे पैसेही जातील. वहिनीच्या एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसालाही हेच लागू. ग्रीन कार्ड असेल तर हा परिच्छेद विसरा. शंका असेल तर बुकिंगच्या आधी वकिलाला विचारा, क्रूझच्या विक्रेत्याला नको.

तुम्हा नाशिककरांना बी-1/बी-2 हा पर्यटनाचा, अनेक प्रवेशांचा अमेरिकन व्हिसा लागेल आणि पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी शिल्लक हवी. बेटांचे नियम वेगवेगळे आहेत. जमैका आणि बार्बाडोसला भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा लागत नाही, मेक्सिकोला चालू अमेरिकन व्हिसा पुरतो. बाकी प्रत्येक बंदराचं उत्तर क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते कॅरिबियनमध्ये पैसे मोजायचे ते संगमरवर आणि कॅव्हिआरसाठी नाही, तर रांगा कमी व्हाव्यात, चालणं कमी व्हावं आणि गर्दी दूर राहावी म्हणून. ही गोष्ट आकड्यांत पाहता येते. जहाजाचं सकल टनेज हे वजन नसतं, ते आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा. 2024मध्ये सुरू झालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ साधारण 2 लाख 48 हजार टनांचं आहे आणि केबिनमागे दोन माणसं धरली तर त्यात 5,610 प्रवासी बसतात, म्हणजे माणशी 44. ‘एक्सप्लोरा वन’ सुमारे 64 हजार टनांचं, त्यात 922 प्रवासी, म्हणजे माणशी 69. लिफ्टसमोर, नाश्त्याला, धक्क्यावर उतरताना हा फरक सगळ्यांनाच जाणवतो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर पहिल्याच दिवशी. त्यातून ‘आयकॉन’ची लांबी सुमारे 365 मीटर. केबिन एका टोकाला आणि जेवणाची जागा दुसऱ्या टोकाला असेल, तर दिवसातून तीनदा जेवायला जाण्या-येण्यातच दोन किलोमीटर होतात.

एवढं वाचून ‘मग छोटंच घेऊ’ असं वाटेल. पण तुमच्या कुटुंबाच्या बाबतीत दोन गोष्टी आड येतात.

पहिली पैशाची. सीबोर्न, सिल्वरसी, रीजंट अशा कंपन्यांच्या भाड्यात दारू, टिपा आणि बरंच काही धरलेलं असतं, रीजंटमध्ये बेटांवरच्या सहलीसुद्धा. सातांपैकी सहा जण न पिणारे आणि आई मोजकंच खाणारी, म्हणजे न घेतलेल्या गोष्टींचे पैसे तुम्ही भरणार. शिवाय यातल्या बऱ्याच जहाजांवर मुलांसाठी वेगळं काही नसतं. 9 वर्षांची मुलगी तिसऱ्या दिवशी कंटाळते आणि मग तिचे आई-बाप तिच्यामागे.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. छोटी जहाजं मिरवतात ती बंदरं, म्हणजे सेंट बार्ट्सचं गुस्ताव्हिया, बेक्विया, व्हर्जिन गोर्डा, इथे सहसा जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकतं आणि लहान बोटीने किनाऱ्यावर नेतं. आपल्या जुन्या कोकण बोटीतून पडावात उतरायचे, तसंच. खलाशी हाताला धरतात, पण बोट लाटेवर वर-खाली होत असते आणि पाऊल नेमकं त्या क्षणी टाकावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना हीच हालचाल सगळ्यात जड. समुद्र खवळलेला असेल तर चाकाची खुर्ची त्या बोटीत घेतच नाहीत. मोठ्या जहाजांनाही काही ठिकाणी हेच करावं लागतं, उदाहरणार्थ ग्रँड केमनचं जॉर्जटाऊन आणि बेलीझ सिटी. बेलीझला तर किनारा बराच लांब, बोटीत चांगला वेळ बसावं लागतं.

म्हणून तुमच्यासाठी मी मधला मार्ग सुचवेन: मोठ्या जहाजातला वेगळा राखलेला विभाग. एमएससीचा ‘यॉट क्लब’, नॉर्वेजियनचा ‘हेवन’, सेलिब्रिटीचा ‘रिट्रीट’ ही त्याची उदाहरणं. इथे वेगळं लाउंज, उन्हात बसायला वेगळा डेक, वेगळं रेस्टॉरंट आणि चढता-उतरताना प्राधान्य मिळतं. आई-बाबा शांत कोपऱ्यात बसतात, मुलगी घसरगुंड्यांवर जाते. हा विभाग बहुतेक वरच्या मजल्यांवर आणि अनेकदा पुढच्या टोकाला असतो, तिथे हेलकावे जास्त जाणवतात, हा त्यातला तोटा. आई-बाबांना बोट लागत असेल तर दोघांना साध्या विभागात, जहाजाच्या मध्यावर, खालच्या-मधल्या डेकवर बाल्कनीची केबिन घ्या आणि वाचलेले पैसे सहलींवर खर्च करा. सगळे प्रौढ असते, समुद्राची सवय असती आणि गुडघे धड असते, तर मी बिनदिक्कत छोटं जहाज सांगितलं असतं.

केबिन निवडताना डेकचा नकाशा उघडून वर आणि खाली काय आहे ते पाहा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज, खाली थिएटर किंवा नाचाची जागा असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. मधल्या लिफ्टपासून चार-पाच दरवाज्यांवरची केबिन बरी, अगदी समोरची नको. ‘केबिन क्रमांक नंतर कळवू’ अशा स्वस्त प्रकारात शिरू नका, तिथे निवड कंपनीच्या हातात जाते. आणि स्वीट घेताना न्हाणीघराचा फोटो मागा. काही स्वीटमध्ये शॉवर टबातच असतो आणि टबाची कड ओलांडायला पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागतो. आईला सपाट जमिनीवरचा वेगळा शॉवर हवा, हे लेखी कळवा. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून इथूनच न्या आणि जहाज हलायच्या तासभर आधी घ्या, उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो.

मार्ग. फ्लोरिडाहून सात रात्रींत साधारण दोन पर्याय असतात. पश्चिमेकडे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका, होंडुरासचं रोआतान. पूर्वेकडे सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन. तिसरा, दक्षिणेचा मार्ग (बार्बाडोस, सेंट लुसिया, ग्रेनाडा, अरुबा, कुरासाव) बहुधा सान हुआन किंवा बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनहून निघतो. बेटं एकमेकांजवळ असल्याने त्यात जवळजवळ रोज नवं बंदर येतं. ऐकायला छान, पण रोज सकाळी आठला तयार होऊन उतरणं ज्येष्ठांना दमवतं. तुमच्यासाठी पूर्वेचा मार्ग ठीक: बहुतेक ठिकाणी धक्का आहे आणि मध्ये दोन-तीन दिवस नुसता समुद्र. वेळापत्रकात फक्त बंदरांची नावं पाहू नका, थांबण्याचे तासही पाहा. दुपारी दोनला पोहोचून रात्री आठला निघणारं बंदर मोजायला एक असतं, वाट्याला येतो अर्धा दिवस.

दक्षिणेचाच मार्ग आवडला तर कोलंबियाचं कार्ताहेना, पनामाचं कोलोन किंवा त्रिनिदादचं पोर्ट ऑफ स्पेन त्यात नाही ना, हे आधी तपासा. हे देश भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथून आल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर उरलेले दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, पुढे आयुष्यभर चालतं. पण साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेण्यात जोखीम जास्त असते. बाबांना 68व्या वर्षी त्यात घालण्यापेक्षा ती बंदरं नसलेला मार्ग निवडा.

महिना. अटलांटिकमधला वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा जोर. सप्टेंबर 2017मध्ये ‘इर्मा’ने सेंट मार्टिन उद्ध्वस्त केलं. ऑक्टोबर संपत आला म्हणजे धोका टळला असंही नाही, 28 ऑक्टोबर 2025ला ‘मेलिसा’ जमैकावर आदळलं. वादळ आलं तर जहाज सहसा त्यात सापडत नाही, ते वळून दुसरीकडे जातं. म्हणजे सेंट मार्टिनचं तिकीट काढून तुम्ही कोझुमेलला पोहोचाल, आणि करारात कंपनीला ती मुभा असते. हुकलेल्या बंदराचं शुल्क परत मिळतं, सुट्टीचं भाडं नाही. दिवाळी नोव्हेंबरमध्ये येत असेल तर ही जोखीम पत्करण्याजोगी आहे, दरही बरे असतात. ऑक्टोबरची दिवाळी मी टाळेन. नाताळ ते नववर्ष हा सगळ्यात महाग आणि गच्च भरलेला आठवडा. त्यात राखीव विभागाचेही पैसे पुरते वसूल होत नाहीत, कारण थिएटर, लिफ्ट आणि धक्का सगळ्यांचाच. शाळेने चार दिवस सोडलं तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा 6-7 जानेवारीनंतरचा आठवडा घ्या: तेच जहाज, तीच बेटं, निम्मा कलकलाट. हिवाळ्यात पूर्वेचे व्यापारी वारे मात्र जोरात असतात, पूर्वेकडे जाताना जहाज थोडं हलेल हे गृहीत धरा.

जेवणाचं. ‘व्हेजिटेरियन’ एवढं सांगून भागत नाही. कांदा, लसूण, अंडं, मासा यांपैकी काय चालतं आणि काय नाही, ते बुकिंगमध्ये किमान 60 दिवस आधी लेखी नोंदवा. पहिल्या दुपारी रेस्टॉरंटच्या मुख्य व्यवस्थापकाला प्रत्यक्ष भेटा. मग रोज रात्री जेवण झाल्यावर तो उद्याचा मेनू दाखवेल, त्यात आईसाठी काय हवं ते तेव्हाच सांगा. जहाजाच्या मुदपाकखान्यात भाजीचा रस्सा मोठ्या भांड्यात आधीच झालेला असतो, आयत्या वेळी त्यातला कांदा काढून देता येत नाही. आदल्या रात्री सांगितलंत तर वरण, जिऱ्याची फोडणी दिलेली भाजी, पनीर वेगळ्या कढईत होतं. अनेक जहाजांवर गोव्याचे आणि मुंबईचे लोक स्वयंपाकघरात असतात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बुफेमध्ये जपायचं ते सूप (पाण्याऐवजी कोंबडीचा अर्क), मेक्सिकन राजमा (डुकराची चरबी) आणि मूस-चीजकेक (जनावरांपासून काढलेलं जिलेटिन) यांना. बेटांवर ‘राइस अँड पीज’ निरामिष दिसतो, पण कधी त्यात मांसाचा तुकडा शिजवलेला असतो. विचारूनच घ्या. जमैकात उतरलात तर ‘इटाल’ हे रास्ताफारी पंथाच्या लोकांचं जेवण भाजीपाल्याचं असतं. आणि गिरमिटियांच्या (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या) वंशजांनी आणलेली रोटी त्रिनिदादबाहेरही बऱ्याच बेटांवर मिळते, भरलेली डाळ पाहून आईला पुरणपोळी आठवेल.

घरून लाडू-चिवडा न्यायचा तर बंद पाकिटातला न्या. घरी केलेलं खाणं बऱ्याच कंपन्या चढू देत नाहीत. विजेची किटली, छोटा कुकर, इस्त्री हे सामानातून काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. आगीच्या भीतीने हा नियम आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खर्चाचा हिशेब जाहिरातीच्या दरावर करू नका. साध्या विभागात माणशी रोज 18 डॉलर टीप धरली, तर सात जणांचे सात रात्रींचे 882 डॉलर होतात, स्वीटमध्ये थोडे जास्त. बंदर शुल्क, वायफाय आणि सहली वेगळ्या. भाऊ ‘दारूचं पॅकेज घेतो’ म्हणाला तर थांबवा. बऱ्याच कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने ते घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. एक-दोन बिअर सुट्या घेतलेल्या स्वस्त. जहाजावरच्या खात्याला क्रेडिट कार्डच जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डवर रोजची रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस लागतात. भारतातून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) कापला जाईल, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घ्या. प्रवास विमा ‘अमेरिका-कॅनडासह जगभर’ असाच हवा, त्यात आधीचे आजार आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च दोन्ही असायला हवेत. जहाजावरच्या दवाखान्यात तुमचं मेडिक्लेम कार्ड चालत नाही, बिल आधी तुम्ही भरायचं.

बेटांवर उतरल्यावर माणसं चुकतात ती वेळेत. जहाजाचं घड्याळ आणि बेटाचं घड्याळ वेगळं असू शकतं. कोझुमेल वर्षभर एकाच वेळेवर चालतं. उन्हाळ्यात फ्लोरिडाची घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे मोबाइलवर साडेतीन वाजलेले असताना जहाजावर साडेचार वाजून गेलेले असतात. पूर्वेच्या बेटांवर हिवाळ्यात उलटा प्रकार, तिथे उगाच धावपळ होते. काही जहाजं बेटाप्रमाणे वेळ बदलतात, काही नाही. म्हणून उतरताना सांगितलेली वेळ साध्या मनगटी घड्याळावर लावा आणि मोबाइल एअरप्लेन मोडवरच ठेवा, समुद्रातल्या रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. कंपनीची सहल घेतलीत तर उशीर झाला तरी जहाज थांबतं. स्वतः टॅक्सी केलीत तर थांबत नाही. आई-बाबांसोबत असताना मी लांबच्या ठिकाणी कंपनीचीच सहल घेईन, धक्क्याजवळ मात्र टॅक्सी.

आईला जमेल असं निवडा. सेंट मार्टिनला माहो किनाऱ्यावर सावलीत बसून डोक्यावरून उतरणारी विमानं पाहता येतात. बार्बाडोसला गेलात तर हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा ट्राममध्ये बसून फिरता येते. सेंट लुसियात पिटन्सचे दोन सुळके पाहायला वळणावळणाच्या रस्त्याऐवजी कॅस्ट्रीजहून कॅटामरान बोट घ्या. जमैकाचा डन्स रिव्हर धबधबा चढून जायचा असतो, तो मुलीला आणि भावाला. सेंट थॉमसला ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन चालत नाही, बाटलीमागचं वाचून न्या. आणि मुलीच्या बॅगेत लष्करी छापाचे कपडे असतील तर काढून ठेवा: बार्बाडोस, सेंट लुसिया, जमैका इथे सामान्य माणसाने ते घालणं गुन्हा आहे, लहान मुलांनाही सूट नाही.

फ्लोरिडात एक दिवस आधी पोहोचा. मुंबईहून निघालेलं विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावर देऊन टाकायच्या असतात, त्या केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, पासपोर्ट आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. शेवटच्या रात्री उलट: बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या, आणि सकाळचे कपडे व चपला त्यांतच गेल्या म्हणून रात्रीच्या कपड्यांत जहाज उतरणारं एखादं कुटुंब दर फेरीत असतं. परतीचं विमान दुपारी बाराच्या आधीचं घेऊ नका, इमिग्रेशनच्या रांगेत राखीव विभागवाल्यांनाही सगळ्यांसारखंच उभं राहावं लागतं. आईसाठी चाकाची खुर्ची आदल्या दिवशीच सांगून ठेवलीत तर ती रांगही लवकर संपते.